दर्ग्यातली अर्ध्या तासाची कव्वाली: प्रवासात बसाल तर काय ऐकाल?

सुट्टी लागली की वाकोल्यातल्या बऱ्याच घरांतून बॅगा निघतात. कुणी मुंबई सेंट्रलहून दिल्लीची गाडी पकडतं, कुणी अजमेरला जातं. ज्यांना तेवढी रजा नाही ते वेरूळ, दौलताबाद, खुलदाबाद असं दोन दिवसांत उरकतात. आणि ज्यांना तेही जमत नाही, त्यांना रविवारचं हाजी अली किंवा माहीम आहेच.

या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट सारखी घडते. जियारत झाली, फातिहा झाली, फुलं वाहिली. बाहेर अंगणात कव्वाल बसलेले असतात, हार्मोनियम आणि ढोलक सुरू असतो. आपण दोन मिनिटं उभे राहतो, मोबाइल काढतो, अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घेतो, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "चलो, देर हो रही है." मुलांच्या हाती राहतो तो फक्त व्हिडिओ.

आम्ही वर्गात मुलांना विचारतो, कव्वाली म्हणजे काय? उत्तरात सिनेमाची गाणी येतात. हमद म्हणजे काय, मनकबत म्हणजे काय, हे फार थोड्यांना सांगता येतं. यात मुलांचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून हा लेख. प्रवासात वीस-तीस मिनिटं बसायची संधी मिळाली, तर समोर काय चाललंय ते कळावं, एवढाच हेतू.

परक्या देशात लोक तिकीट काढून बसतात

आधी थोडं दूरचं उदाहरण घेऊ. स्पेनच्या दक्षिणेला अंदालुसिया नावाचा प्रांत आहे. आपल्या इतिहासात ज्याला अंदलुस म्हणतात त्याचाच हा भाग. इ.स. ७११ मध्ये तिथे मुस्लिम सत्ता आली आणि १४९२ मध्ये ग्रॅनाडा गेल्यावर ती संपली. या प्रांतात फ्लेमेन्को नावाची कला आहे. एक जण गातो, एक जण गिटार वाजवतो, एक जण पाय आपटत नाचतो, आणि बाकीचे टाळ्यांनी ताल धरतात. ती घडवण्यात तिथल्या हितानो, म्हणजे जिप्सी समाजाचा मोठा वाटा आहे. या समाजाच्या मूळ भाषेचं नातं उत्तर भारतातल्या भाषांशी आहे, हे भाषेच्या अभ्यासकांनी दाखवून दिलेलं आहे. अरबी, यहुदी, स्पॅनिश आणि जिप्सी अशा कुणाकुणाचा वाटा किती, यावर मात्र अजून वाद चालतो.

ग्रॅनाडात साक्रोमोंते नावाच्या टेकडीवर गुहांसारखी घरं आहेत. तिथे जगभरचे पर्यटक तिकीट काढून तासाभराचा कार्यक्रम पाहतात. भाषा कळत नाही, तरी गप्प बसून ऐकतात. पण याच कलेबद्दल शंभर वर्षांपूर्वी तिथल्या लोकांना काळजी वाटत होती. जुनं, खोल गाणं मागे पडतंय आणि कॅफेमधलं करमणुकीचं गाणं तेवढं उरतंय, असं त्यांना वाटलं. म्हणून संगीतकार मान्युएल दे फाया आणि कवी लोर्का यांनी १९२२ मध्ये ग्रॅनाडाच्या अलहंब्रा किल्ल्यात जुन्या गाण्याची स्पर्धा भरवली. पुढे २०१० मध्ये युनेस्कोने फ्लेमेन्कोला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं.

आपल्याकडे कव्वालीचं तसंच झालंय. सिनेमातली कव्वाली सगळ्यांना माहीत, दर्ग्यातली कुणाला नाही. फरक इतकाच की दर्ग्यात तिकीट नाही. तिथे गाणं जियारतीचा भाग म्हणून होतं, शो म्हणून नव्हे. त्यामुळे ऐकण्याची रीतही वेगळी आहे.

हे सुरू कुठून झालं?

"कव्वाली" हा शब्द अरबी "कौल"वरून आला. कौल म्हणजे वचन, म्हटलेली गोष्ट. कौल म्हणणारा तो कव्वाल. सूफींच्या भाषेत या बैठकीला "समा" म्हणतात, म्हणजे ऐकणं. इथे नाव गाण्यावरून पडलेलं नाही, ऐकण्यावरून पडलंय. म्हणजे बैठकीत महत्त्व ऐकणाऱ्याला आहे.

हिंदुस्थानात चिश्ती सिलसिल्याने समा जपला. दिल्लीच्या मेहरौलीत ज्यांचा मजार आहे त्या हजरत कुतबुद्दीन बख्तियार काकी (रह.) यांचा इंतकाल १२३५ मध्ये झाला. समाच्या मजलिसमध्ये एका फारसी शेराने त्यांच्यावर असा वज्द आला की त्यातून ते परत आले नाहीत, असं चिश्ती परंपरेत सांगितलं जातं. पुढे हजरत निजामुद्दीन औलिया (रह.) आणि त्यांचे मुरीद अमीर खुसरो यांच्या काळात या गायनाला आजच्या कव्वालीकडे नेणारं वळण मिळालं. दोघांचाही इंतकाल १३२५ चा, आणि दोघांच्या कबरी दिल्लीत एकाच आवारात आहेत.

पण हे सगळं उत्तरेतच घडलं असं समजू नका. हजरत निजामुद्दीन (रह.) यांचे खलिफा हजरत बुरहानुद्दीन गरीब (रह.) दख्खनेत आले. मुहम्मद तुघलकाने दौलताबादला राजधानी हलवली, तो हा काळ. १३३७ मध्ये त्यांचा इंतकाल झाला आणि खुलदाबादला त्यांचा दर्गा आहे. तापीकाठचं बुऱ्हाणपूर त्यांच्याच नावाचं. समामध्ये त्यांची डोलण्याची स्वतःची पद्धत होती आणि तसं करणाऱ्यांना "बुरहानी" म्हणत, अशी नोंद जुन्या फारसी ग्रंथात आहे. हजरत निजामुद्दीन (रह.) यांची प्रवचनं "फवाइदुल फुआद" या ग्रंथात लिहून ठेवणारे अमीर हसन सिज्जी हेही खुलदाबादच्याच मातीत आहेत. वेरूळची लेणी पाहून परत फिरणाऱ्या कुटुंबांना खुलदाबाद अवघ्या काही किलोमीटरवर आहे. दिल्लीच्या त्या दरबारातला एक मोठा हिस्सा महाराष्ट्रात झोपलेला आहे, हे मुलांना तिथे उभं राहून सांगता येईल.

समोर काय चाललंय ते कसं ओळखायचं?

कव्वालांची टोळी साधारण अशी असते. पुढे मुख्य कव्वाल, बहुतेक हार्मोनियम त्याच्यापाशीच. शेजारी दुसरा गायक. ढोलक किंवा तबला वाजवणारा एक. मागे टाळी देणारे आणि ओळ उचलणारे, त्यांना हमनवा म्हणतात. हार्मोनियम मुळात युरोपातलं वाद्य, एकोणिसाव्या शतकात इथे आलं. त्याआधी साथीला सारंगी असे.

गाण्याला क्रम असतो. आधी हमद, म्हणजे अल्लाहची स्तुती. मग नात, म्हणजे हुजूर (सल्ल.) यांची. मग मनकबत, म्हणजे हजरत अली (रजि.) किंवा ज्यांच्या दर्ग्यात बसलोय त्या बुजुर्गांची. त्यानंतर सूफी गझल आणि इतर कलाम. चिश्ती दर्ग्यांत शेवटाकडे "रंग" गातात आणि तो सुरू झाला की लोक उठून उभे राहतात. आपण मध्येच जाऊन बसलो तरी शब्दांवरून ओळखता येतं की आता कुठला भाग चालू आहे. मुलांना हेच काम द्या: "सांग, ही हमद आहे की नात?" मूल आपोआप कान देऊन बसतं.

दोन गोष्टी खास ऐकायच्या. पहिली गिरह. कव्वाल एक ओळ गातो, मग मध्येच दुसऱ्याच शायराचा शेर आणतो, कधी फारसी, कधी ब्रज, कधी दख्खनी, आणि फिरून पहिल्या ओळीवर येतो. गिरह म्हणजे गाठ. आपल्या शेजारच्या मंदिरातलं कीर्तन ज्यांनी ऐकलंय त्यांना हे चटकन समजेल. कीर्तनकार एका अभंगावर निरूपण करताना दुसऱ्या संताचा दाखला देतात आणि पुन्हा मूळ चरणावर येतात, तसंच हे.

दुसरी तकरार, म्हणजे तीच ओळ पुन्हा पुन्हा. नव्या माणसाला वाटतं, हे अडकले का? तसं नाही. कव्वालाचं लक्ष ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर असतं. एखाद्या ओळीवर कुणाचे डोळे भरले, कुणी डोलू लागलं, की तो ती ओळ सोडत नाही. कुणाला हाल आला तर तो शांत होईपर्यंत तीच ओळ चालू ठेवायची, असा नियमच आहे. कितीदा म्हणायचं हे समोरच्या माणसाच्या हालतीवर ठरतं. रेकॉर्डिंगमध्ये हे मिळत नाही, कारण रेकॉर्डिंगला समोर कोण बसलंय ते दिसत नाही.

बसण्याचा अदब

इमाम गजाली (रह.) यांनी समावर लिहिताना हजरत जुनैद बगदादी (रह.) यांचं म्हणणं दिलंय: समाला तीन गोष्टी लागतात, योग्य वेळ, योग्य जागा आणि योग्य सोबती. आजही हाच हिशोब पुरतो.

वेळ पाहून जा. दिल्लीत हजरत निजामुद्दीन (रह.) यांच्या दर्ग्यात गुरुवारची संध्याकाळ कव्वालीसाठी प्रसिद्ध आहे. गर्दी असते, लहान मुलं असतील तर लवकर पोचा. हाजी अलीला जाताना भरतीची वेळ आधी बघा, कारण रस्ता पाण्याखाली जातो. माहीमला मखदूम अली माहिमी (रह.) यांचा मेळा डिसेंबरच्या सुमारास भरतो, त्या दिवसांत माहौल वेगळाच असतो. अजान झाली की गाणं थांबतं. तेव्हा नमाजला उठायचं, "संपलं का?" असं विचारायचं नाही.

वजू करून, डोकं झाकून बसा. कव्वाल आणि मजार यांच्या मधून आडवे जाऊ नका, कारण कव्वाल बुजुर्गांना उद्देशून गात असतात. दाद द्यायची तर "सुब्हानल्लाह" म्हणा, शिट्टी नको. नजराणा द्यायचा असेल तर नोटा उडवू नका. चिश्ती रिवाजात नजराणा अदबीने आधी मजलिसच्या बुजुर्गांपुढे नेतात आणि तिथून तो कव्वालांकडे जातो. जिथे असे बुजुर्ग बसलेले नसतील तिथे झुकून कव्वालांसमोर ठेवा. पण ठेवा जरूर. ही घराणी पिढ्यान्‌पिढ्या यावरच जगत आलीत, आणि आपण फुकट व्हिडिओ घेऊन निघून गेलो तर त्यांची मुलं हे काम का शिकतील?

आया-बहिणींच्या बसण्याचा प्रश्न नेहमी येतो. निजामुद्दीनला बायका मजारच्या आतल्या खोलीत जात नाहीत, पण अंगणात बसून कव्वाली ऐकतात. हाजी अलीला आतल्या भागात बायकांना बंदी घातली गेली होती. मुंबई उच्च न्यायालयाने २६ ऑगस्ट २०१६ ला ती बेकायदा ठरवली आणि पुढे ट्रस्टनेही सर्वोच्च न्यायालयात प्रवेश देण्याचं मान्य केलं. जाण्याआधी त्या ठिकाणची रीत विचारून घ्या, म्हणजे दारात अम्मीला मागे थांबावं लागत नाही.

जे बसत नाहीत त्यांचं काय?

आपल्याच घरांत या विषयावर दोन मतं असतात आणि ती लपवून उपयोग नाही. एक चाचा आवडीने बसतात, दुसरे फातिहा पढून बाहेर चपलांपाशी थांबतात. वाद्यांना मनाई आहे असं बरेच उलमा मानतात. हा काही नुसता मसलकांचा झगडा नाही. दर्ग्यांना मानणाऱ्यांचे मोठे आलिम अहमद रजा खान बरेलवी (रह.) यांनीही वाद्यांसह कव्वालीला मनाईच सांगितली. खुद्द हजरत निजामुद्दीन (रह.) यांना समामध्ये वाद्यं पसंत नव्हती, हे "फवाइदुल फुआद"मध्ये आहे. त्यांच्या समावरही दिल्लीत सुलतान गियासुद्दीन तुघलकासमोर उलमांची सभा बसली होती. म्हणजे हा वाद सातशे वर्षं जुना आहे, आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो संपणार नाही.

आमचं म्हणणं एवढंच. ज्यांना बसायचं नाही त्यांना ओढू नका, त्यांच्या दलीलला मान द्या. ज्यांना बसायचं आहे त्यांना सगळ्यांसमोर टोचू नका, विशेषतः मुलांच्या देखत. मुलांनी प्रश्न विचारला तर दोन्ही बाजू सांगा. मोठी माणसं मतभेद असूनही एकाच गाडीने घरी परततात, हे मुलांनी बघितलेलं बरं.

जायच्या आधी आणि आल्यावर

निघण्याआधी मुलांना चार शब्द शिकवा: हमद, नात, मनकबत, गिरह. तिथे पहिली दहा मिनिटं मोबाइल खिशात ठेवा. व्हिडिओ घ्यायचाच असेल तर नंतर घ्या, आणि हाल आलेल्या माणसाचा कधीच घेऊ नका. ती त्याची आणि त्याच्या रबची गोष्ट आहे, आपल्या स्टेटसची नाही.

परतीच्या गाडीत मुलांना विचारा, कुठली ओळ सगळ्यात जास्त वेळा आली? अर्थ काय असेल? उर्दू न येणाऱ्या मुलाला तो मराठीत सांगायला लावा. चुकला तरी चालेल, घरातलं कुणी मोठं सुधारेल. आणि घरातही कुणाला आला नाही, तर मोहल्ल्यात एखादे बुजुर्ग असतात ज्यांना येतो. त्यांच्याकडे मुलाला घेऊन जा. असं विचारायला फार दिवसांत कुणी आलेलं नसतं, त्यांनाही बरं वाटेल.