शेक्सपिअर मराठी घरात आणणारा अभ्यासक

नाशकात राहून वि. वा. शिरवाडकर तथा कुसुमाग्रज यांनी शेक्सपिअर मराठीत रुजवला.

● जन्म : २७ फेब्रुवारी १९१२, पुणे

● रूपांतरे : ‘मॅकबेथ’वरून ‘राजमुकुट’, शिवाय ‘ऑथेल्लो’

● नवनिर्मिती : ‘नटसम्राट’, पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७०. ‘किंग लिअर’मधला राजा इथे निवृत्त नट गणपतराव बेलवलकर झाला. लिअरची राणी रंगमंचावर येतच नाही. शिरवाडकरांनी आपल्या नायकाला पत्नी कावेरीची सोबत दिली. त्यामुळे राजवाड्यातली शोकांतिका मराठी संसाराची झाली.

● समीक्षा : ‘शेक्सपिअरच्या शोधात’ हा ग्रंथ

● सन्मान : ‘नटसम्राट’साठी साहित्य अकादमी पुरस्कार (१९७४), ज्ञानपीठ (१९८७)

● निधन : १० मार्च १९९९, नाशिक

त्यांचा जन्मदिवस ‘मराठी भाषा गौरव दिन’ म्हणून साजरा होतो. शाळांनी त्या दिवशी ‘नटसम्राट’मधला एक तरी प्रवेश मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावा.