इंजिन नेमके कुठले?

महाशिवरात्रीच्या यात्रेला गोंदिया जिल्ह्यातील प्रतापगडच्या पायथ्याशी गाड्यांची रांग लागते. त्या रांगेत तीन जुन्या डिझेल गाड्या शेजारी शेजारी उभ्या आहेत असे समजू: मारुतीची स्विफ्ट, टाटांची इंडिका व्हिस्टा क्वाड्राजेट आणि फियाटची पुंटो मल्टिजेट. तिन्हींचे कारखानदार वेगळे. पण नोंदणी पुस्तिका पाहिल्या, तर तिन्हींच्या इंजिनाची क्षमता एकच दिसते: १२४८ घ.सें.मी. हा निव्वळ योगायोग असेल का?

आधी हा आकडा कसा येतो ते पाहू. या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ६.९६ सें.मी. आहे आणि दट्ट्या त्यात ८.२ सें.मी. वरखाली सरकतो. दंडगोलाच्या घनफळाचे सूत्र वापरले, की एका सिलिंडरचे उत्तर सुमारे ३१२ घ.सें.मी. येते. सिलिंडर चार, म्हणून १२४८.

सारख्या क्षमतेची दोन इंजिने वेगळीही असू शकतात. पण येथे तिन्ही गाड्यांत खरोखरच एकच इंजिन आहे. ते इटलीच्या फियाट कंपनीने २००३ साली बाजारात आणले आणि पोलंडमधील बिएल्स्को-बियावा येथे बनवले. पुढे पुणे जिल्ह्यात रांजणगावला, टाटा व फियाट यांच्या संयुक्त कारखान्यात ते तयार होऊ लागले. मारुतीसाठी फियाटच्या परवान्याने ते हरियाणात मानेसरला बनत असे. मागणी वाढल्यावर २०१२ साली मारुतीने रांजणगावची इंजिनेही घेण्याचा करार केला. म्हणजे गाडीवरच्या नावावरून इंजिनाचे गाव ओळखता येत नाही.

‘बनते’ या शब्दातही बरेच काही दडलेले आहे. लोखंड वितळवून ठोकळा ओतायचा, सिलिंडर कातून गुळगुळीत करायचे, भाग जुळवायचे आणि इंजिन चालवून तपासायचे. यांतली सगळी कामे एकाच छपराखाली होतात असे नाही. ओतीव भाग पुष्कळदा दुसऱ्या कारखान्यातून येतात. कातकामात मात्र चूक चालत नाही, कारण दट्ट्या व सिलिंडर यांमधली फट केसाच्या जाडीइतकी किंवा त्याहूनही कमी असते. अशी अचूकता यंत्राइतकीच कामगाराच्या सरावावर अवलंबून असते.

१ एप्रिल २०२० पासून देशात ‘भारत स्टेज-६’ हे धुराचे कडक नियम लागू झाले. काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडे रोखणारी साधने लहान डिझेल गाडीला फार महाग पडतात. त्यामुळे स्विफ्टमधून हे इंजिन गेले. आपल्या श्वासासाठी नियम हवाच होता. पण इतक्या वर्षांत हाताला बसलेले एक काम त्याने थांबवले, हेही मुलांना सांगायला हवे.

वर्गात एक उपक्रम करता येईल. मुलांनी गावातल्या गाड्यांची इंजिनक्षमता नोंदवून तक्ता करावा आणि वेगवेगळ्या नावांखाली सारखे आकडे कुठे दिसतात ते शोधावे. पुढचा प्रश्न मुले आपणहून विचारतील.