खोक्यावरचा आकडा नवख्यांना काय सांगतो?

बोर्ड गेमच्या खोक्यावर वय छापलेले असते, आणि ‘बोर्डगेमगीक’ या संकेतस्थळावर खेळाडूंच्या मतांची सरासरी काढून प्रत्येक खेळाला १ ते ५ या पट्टीवर अवघडपणाचे ‘वजन’ दिले जाते. नवख्याला जाणून घ्यायचे असते ते एवढेच की, पहिल्याच बैठकीत आम्हाला हा खेळ जमेल का? दोन्ही आकडे या प्रश्नासाठी काढलेलेच नाहीत. अमेरिकेत २००८च्या कायद्याने १२ वर्षे व त्याखालील मुलांच्या वस्तूंची स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासणी सक्तीची केली. ‘१४+’ छापले की हा खर्च टाळण्याची वाट मोकळी होते. त्यामुळे वयाचा आकडा बुद्धीच्या कसोटीइतकाच कायद्याच्या हिशोबाचाही असू शकतो.

‘वजना’ची अडचण वेगळी आहे. ‘गो’ या खेळात काळे-पांढरे खडे आळीपाळीने रेघांच्या छेदांवर ठेवायचे, चहूबाजूंनी वेढलेले उचलायचे आणि अधिक प्रदेश राखायचा. नियम मोजकेच आहेत. तरीही १९×१९च्या पटावर शक्य असलेल्या वैध स्थितींची संख्या १७१ अंकी आहे. म्हणून त्याचे वजन ४च्या आसपास जाते. पण ही अवघडता पारंगत होण्याची आहे, सुरुवात करण्याची नाही. शिकाऊ खेळाडू ९×९च्या पटावर लगेच डाव मांडू शकतो. उलट, अपवादांनी भरलेली नियमपुस्तिका असलेला खेळ नवख्याला पहिल्याच तासात थकवतो, मग त्यातले डावपेच कितीही उथळ असोत.

मत देणारे बहुतेक सरावलेले असतात, हेही महत्त्वाचे. चेस आणि सायमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३मध्ये दाखवले की, खऱ्या डावातला पट काही सेकंद पाहून उस्ताद बुद्धिबळपटू बहुतेक मोहरी जागेवर मांडतात. मोहरी कशीही विखुरली, की त्यांची ही आघाडी जवळपास नाहीशी होते. ओळखीच्या रचना ते एकगठ्ठा लक्षात ठेवतात. नियमांचेही तसेच होत असावे: अनुभवी माणसाला जी एक ओळखीची युक्ती वाटते, तिच्यातले पाच तुकडे नवख्याला सुटेसुटे ध्यानात ठेवावे लागतात.

अवघडपणा व्यक्तीनुसार बदलतो, मग कोणताही आकडा अपुराच ठरणार, असा आक्षेप घेतला जाईल. तो अंशतः खरा आहे. पण नियम समजावायला लागणारा वेळ आणि अपवादांची संख्या मोजता येते. ग्राहकाला एकच खूण हवी असते, हा दुसरा आक्षेप. त्याला जर्मनीतल्या पुरस्कारांनी उत्तर दिले आहे: १९७९पासूनच्या ‘श्पील देस यारेस’सोबत २०११मध्ये जाणकारांसाठी ‘केनरश्पील’ हा वेगळा पुरस्कार सुरू झाला, आणि ही विभागणी खरेदीदारांना समजली. खोक्यावरही ‘शिकायला किती’ आणि ‘खेळायला किती’ अशा दोन खुणा सहज मावतील. पहिली खूण ठरवताना मात्र मत नवख्यांचेच घ्यायला हवे, कारण पहिल्या डावाची अडचण त्यांच्याइतकी कोणालाच नेमकी सांगता येत नाही.