यादवीतील पलटणी आणि त्यांचा पगार

केम, ता. करमाळा : युनेस्कोने जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या बारा दुर्गांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिल्यापासून तट, बुरूज आणि माच्या यांवर इतके लिहिले गेले आहे की ते पुन्हा उगाळण्याचे प्रयोजन नाही, परंतु त्या बारांपैकी रायगड आणि सुवर्णदुर्ग हे दोन दुर्ग 1802 च्या अखेरीस पेशवा दुसऱ्या बाजीरावाच्या पलायनमार्गावर होते, आणि तो परकीयांपुढे नव्हे तर आपल्याच दौलतीतील एका सरदारापुढे पळत होता, ही गोष्ट या उत्सवात फारशी कोणी काढीत नाही.

केमहून पुण्यास जाणारी आगगाडी दौंड ओलांडून लोणी व हडपसर या स्थानकांवरून जाते. उतारूंचे लक्ष तोवर सामान आवरण्यात गुंतलेले असते. याच टापूत 23 ऑक्टोबर 1802 रोजी त्या सरदाराने, यशवंतराव होळकराने, तळ दिला. भाऊ विठोजी यास आदल्या वर्षी पुण्यात हत्तीच्या पायी देण्यात आले होते, होळकरांचे इंदूर शिंद्यांच्या फौजेने लुटले होते. तेव्हा 25 तारखेस, ऐन दिवाळीत, पेशव्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या शिंद्यांच्या फौजेशी जे युद्ध झाले त्यास यादवी हेच नाव शोभते.

या यादवीत दोन्ही बाजूंच्या कवायती फौजा जवळजवळ एकाच साच्याच्या होत्या. होळकराकडे चौदा पलटणी होत्या व त्यांवर व्हिकर्स, हार्डिंग आणि आर्मस्ट्राँग हे गोरे अंमलदार होते. शिंद्यांच्या दहा पलटणींपैकी चार डी बॉइन या शिंद्यांच्या पदरच्या गोऱ्या सेनानीच्या जुन्या कंपूतल्या, कॅप्टन डॉज याच्या हाताखालच्या. सकाळी तोफांची सरबत्ती झाली, होळकराचे घोडदळ प्रथम मागे हटले, यशवंतरावाने स्वतः पुढे होऊन ते फिरवले आणि शिंद्यांचे स्वार उधळले. त्या चार जुन्या पलटणी मात्र जागच्या हलल्या नाहीत, आणि त्यांच्या चार गोऱ्या अंमलदारांपैकी तिघे ठार होऊन चौथा कैद झाला तेव्हाच तो प्रतिकार संपला.

स्वार हटतो आणि पायदळ टिकते, याचे कारण शौर्यात शोधण्याची आपल्या इतिहासलेखकांस मोठी हौस आहे. मला ते हिशेबाच्या वहीत दिसते. शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा. तो तोफेखाली पडला की उपजीविकाच गेली, मग तो तोफेच्या तोंडी कशास घालील? बारगिराचा घोडा सरकारी, पण त्याचा रोजमुरा सदैव थकलेला, आणि थकलेल्या देण्यासाठी सरदाराच्या दारी धरणे धरणे हा तर त्या काळच्या फौजेचा नित्यक्रम. डी बॉइनने महादजी शिंद्यांकडून दोआबातील मुलूख जायदाद म्हणून लावून घेतला, त्याचा वसूल पलटणींच्या खर्चास बांधून टाकला, पगार वेळेवर दिला आणि जायबंदी शिपायांची तरतूद केली. असा शिपाई उभा राहतो, कारण उद्याच्या हजिरीवर त्याचा भरवसा असतो.

रँडॉल्फ कूपर या इतिहासकाराने 2003 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हेच सूत्र 1803 च्या इंग्रज-मराठा युद्धास लावले आहे : मराठ्यांच्या तोफा आणि कवायत कमी प्रतीच्या नव्हत्या, इंग्रजांनी जिंकला तो लष्करी मनुष्यबळाचा बाजार, ज्यात शिंद्यांचे गोरे अंमलदार रणांगणापूर्वीच फोडता आले. प्रतिपादन थोडे एकांगी आहे, कारण दौलतराव शिंद्याच्या नादानीस त्यात फार स्वस्तात सुटका मिळते. तथापि मराठ्यांकडे गनिमी कावा सोडला तर काही नव्हते, या शाळकरी समजुतीपेक्षा ते शतपटीने बरे. माझी तक्रार एवढीच की या बाजाराचा उलगडा हडपसरापासून व्हावयास हवा होता, कारण मराठ्यांची उत्तम पलटण मराठ्यांच्याच उत्तम पलटणीने कापून काढली ती येथे, असईच्या लढाईच्या अकरा महिने आधी.

पुढचे सर्वश्रुत आहे. पराभवानंतर पळालेल्या बाजीरावाचा इंग्रजांशी वसईस 31 डिसेंबर 1802 रोजी तह झाला. इंग्रजांच्या सहा पलटणी पेशव्याच्या मुलखात कायम ठेवावयाच्या आणि त्यांच्या खर्चासाठी सव्वीस लक्षांचा मुलूख तोडून द्यावयाचा, असे ठरले. खर्चास मुलूख लावण्याची ही पद्धत डी बॉइनची, पण हुकूम मात्र आता कंपनीचा. आणि 1803 च्या मे महिन्यात बाजीराव पुन्हा पुण्याच्या गादीवर बसला तो इंग्रजांच्याच बळावर.