अरुंद भांडं, सावकाश आग

अर्धा लिटर पाणी 9.5 सेंटिमीटर व्यासाच्या उभट मगात ओता, आणि तेवढंच पाणी 13 सेंटिमीटर व्यासाच्या बसक्या पातेल्यात. मगात पाणी सात सेंटिमीटर चढेल, पातेल्यात पावणेचारच्या आसपास. आता पाणी ज्याला टेकलंय तो धातू मोजू. मगाचं बूड 71 चौरस सेंटिमीटर, पातेल्याचं 133, म्हणजे जवळपास दुप्पट. पण ओल्या भिंती मोजल्या की चित्र पालटतं: मगाच्या 210, पातेल्याच्या 154. बेरीज केली तर मग 281 आणि पातेलं 287.

हा हिशोब मला अजूनही चकित करतो. अरुंद भांड्यात पाणी लवकर तापत नाही, इंधन वाया जातं, असं सरसकट म्हटलं जातं आणि बोट दाखवलं जातं ते बुडाकडे. प्रत्यक्षात पाण्याला भेटणारा धातू दोन्हीकडे जवळजवळ सारखाच आहे. पातेल्याने तो आडवा पसरला, मगाने उभा केला. मग शोधायची ती आग, जी उभ्या भिंतीशी रेंगाळेल.

हा प्रश्न खरा पडतो तो लांब पल्ल्याच्या वाटांवर. अमेरिकेतली ॲपलेशियन ट्रेल सुमारे 3,500 किलोमीटर, पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल 4,200 हून जास्त. महिनोन्‌महिने चालणारी माणसं सॅकमधला ग्रॅम न् ग्रॅम मोजतात. त्यांच्या हाती उभट टायटॅनियम मग येतो, कारण तो सॅकच्या कोपऱ्यात बसतो, त्याच्या पोटात बाकीचं सामान मावतं आणि त्यातूनच खाता-पिताही येतं. टोक्स कंपनीचा 750 मिलिलिटरचा मग 95 मिलिमीटर रुंद आहे. वरचा हिशोब त्याच मापाचा. आणि त्याच्या जोडीला असतो स्पिरिटवर चालणारा, टिनच्या किंवा ॲल्युमिनियमच्या डबीचा स्टोव्ह. पंप नाही, पिन नाही, झडप नाही, आवाजही नाही.

या डबीतली करामत थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. स्पिरिटमधलं इथेनॉल 78 अंश सेल्सिअसला उकळतं. एक ग्रॅम इथेनॉल जळलं की सुमारे 27 किलोज्यूल उष्णता निघते, आणि तोच ग्रॅम तापवून त्याची वाफ करायला लागतो साधारण एक किलोज्यूल. ज्योतीने आपल्या कमाईतला इवलासा हिस्सा खाली डबीकडे परत पाठवला की पुढच्या ग्रॅमची सोय झाली. हा स्टोव्ह आपलं इंधन आपणच उकळतो. पेटवल्यावर सुरुवातीला ज्योत मलूल असते. डबी तापली की ती जोर धरते, ती याचमुळे. आणखी एक नवल म्हणजे 12 ग्रॅम इथेनॉल जळताना हवेतला ऑक्सिजन घेऊन 14 ग्रॅम पाणी तयार होतं, जाळलं त्याहून जास्त! गार भांडं ज्योतीवर ठेवलं की त्याच्या बुडाला जो घाम फुटतो, तो या पाण्याचा.

पण हीच परतफेड बेताबाहेरही जाते. डबी तापली की वाफ वाढते, वाफ वाढली की ज्योत वाढते, ज्योत वाढली की डबी आणखी तापते. रुंद पातेल्याखाली ही वाढ खपून जाते, कारण पसरलेल्या ज्योतीवर बूड असतं. अरुंद मगाखाली ती थेट बाहेर सांडते.

मांजराच्या खाण्याच्या छोट्या टिनाला काठाखाली भोकं पाडून केलेला स्टोव्ह अमेरिकेतल्या पायवाटांवर फार लाडका आहे. वजन जेमतेम सात ग्रॅम, आणि भांडं थेट त्याच्यावरच टेकायचं. भांड्याने तोंड बंद झालं की वाफ बाजूच्या भोकांतून बाहेर पडते आणि तिथे ज्योतींचं कडं फुलतं. अतिशय देखणी रचना आहे ही. पण टीन साडेसहा सेंटिमीटर रुंद, मग साडेनऊ. दोन्ही बाजूंना बूड उरतं दीड-दीड सेंटिमीटर. आडव्या उसळणाऱ्या ज्योतीला तेवढं छत पुरत नाही. ती कडेबाहेर जाते, मगाच्या कानाला चटका लावते आणि बरीचशी उष्णता आभाळाला देऊन टाकते. बसक्या, रुंद पातेल्याखाली मी हाच स्टोव्ह आनंदाने निवडेन. अरुंद मगाखाली नाही.

स्वीडनच्या ट्रांगिया कंपनीचा पितळी बर्नर मजबूत आणि भरवशाचा. कंपनी 1925 सालची. वाऱ्याच्या आडोशासकट येणारा तिचा प्रसिद्ध संच 1951 सालचा. पण त्या संचातली भांडी बसकी आणि रुंद आहेत, बर्नरच्या ज्योतीही त्याच बेताने पसरतात, आणि एकट्या बर्नरचं वजन 110 ग्रॅम. थंडीत दोघा-तिघांचा स्वयंपाक करायचा तर तो हवाच. एका मगासाठी तो जड पडतो.

अरुंद भांड्याला हवी ती मधोमध उभी राहणारी, बारीक आणि संथ ज्योत. त्यासाठी डबीचं तोंड लहान ठेवतात, आत न जळणारं खनिज लोकर भरतात, वर बारीक जाळी बसवतात. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या स्पिरिटच्या दिव्यात वात जेवढी, तेवढीच ज्योत असायची. इथे वातीचं काम तोंडाचं क्षेत्रफळ करतं. लोकर इंधन धरून ठेवते, त्यामुळे डबी कलंडली तरी ते भसकन पसरत नाही. 15 मिलिलिटर इथेनॉल पाच मिनिटांत संपवणारी डबी साधारण 1,060 वॅट देते, दहा मिनिटांत संपवणारी 530. उष्णता एकूण तेवढीच. मात्र संथ आगीचा गरम वायू भिंतीवरून हळू सरकतो आणि जाता जाता आपली ऊब धातूला देतो. दांडगी आग ती देण्याआधीच निघून जाते. पाच मिनिटं जास्त थांबायची तयारी असेल तर दिवसागणिक इंधन वाचतं.

किती वाचतं याचा अंदाज सोपा आहे. अर्धा लिटर पाणी 20 अंशांवरून 100 वर न्यायला सुमारे 167 किलोज्यूल लागतात. काहीच वाया गेलं नाही तर हे काम आठ मिलिलिटर इथेनॉलमध्ये होईल. चांगल्या जोडणीत 12 ते 15 मिलिलिटर लागतं. अडीच-तीन चमचे द्रव आणि मगभर आधण!

आता त्या 210 चौरस सेंटिमीटर भिंतींकडे वळू, कारण खरी मौज तिथे आहे. मोकळ्या हवेत गरम वायू बुडाच्या कडेवरून निसटला की भिंतीपासून दूर जातो. मगाभोवती पत्र्याचा आडोसा उभा केला आणि दोघांमध्ये जेमतेम एका सेंटिमीटरची फट ठेवली, तर त्याच वायूला भिंतीला चिकटूनच वर चढावं लागतं. हा आडोसा वारा अडवतोच, पण मगाच्या उंचीला कामाला लावतो, आणि माझ्या मते अरुंद भांड्याच्या संचात सर्वांत मोलाची वस्तू तीच आहे. शंकूच्या आकाराचे आडोसे तर भांड्याला काठापाशी पेलतात, त्यामुळे वेगळा टेकूही लागत नाही. मात्र प्रत्येक शंकू ठरावीक मापाच्या भांड्यासाठीच कापलेला असतो.

आडोसा खालून बंद करून चालत नाही. इथेनॉलला आपल्या वजनाच्या नऊपट हवा लागते; 12 ग्रॅम जळायला सुमारे 90 लिटर. खाली भोकं कमी पडली की ज्योत पिवळी होते, डोळ्यांना झोंबणारा वास येतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. म्हणून हा स्टोव्ह तंबूत पेटवू नये. भांडं ज्योतीच्या फार जवळ आणलं तरी असंच होतं, गार धातू ज्योत अर्धवट विझवतो. बर्नरच्या तोंडापासून बुडापर्यंत अडीच ते चार सेंटिमीटर अंतर बहुतेक वेळा जमून येतं. संथ डबी असेल तर अडीचपासून सुरुवात करावी.

इंधनाचं थोडक्यात. इथेनॉल सर्वांत बरं. मिथेनॉल स्वच्छ जळतं, पण ग्रॅममागे 20 किलोज्यूलच देतं आणि विषारी आहे. आयसोप्रोपिल काजळी धरतं.

एक गोष्ट गंभीरपणे सांगायला हवी. स्पिरिटची ज्योत उन्हात दिसतच नाही, आणि यातल्या बहुतेक स्टोव्हना बंद करायची कळ नसते. मे 2012 मध्ये कोलोरॅडोतल्या हेवलेट गल्चचा वणवा अशाच एका स्टोव्हमुळे लागला आणि सुमारे 31 चौरस किलोमीटर रान जळालं. कोरड्या हंगामात पश्चिम अमेरिकेतल्या अनेक जंगलांत हे स्टोव्ह वापरायला बंदी असते, आणि ती योग्यच आहे. ज्योत पेटतीच आहे असं समजून वागावं, विझली असं वाटलं तरी इंधन पुन्हा ओतू नये, खाली उघडी माती किंवा दगड असावा.

विकत घेण्याआधी किंवा टिनाला भोकं पाडल्यावर आपल्या मगाशी जोडी जुळते का, हे घराबाहेर काळोखात पाहता येतं. डबीत 15 मिलिलिटर इंधन मोजून घाला, पेटवून वर पाण्याचा मग ठेवा, मगावर झाकण ठेवा आणि बाजूने बघा. ज्योतीची निळी टोकं बुडाच्या कडेआत राहिली तर डबी योग्य. बाहेर आली तर तोंड लहान करा किंवा दुसरी डबी घ्या. आत राहूनही पाणी उकळण्याआधी इंधन संपलं, तर टेकू अर्धा सेंटिमीटर वर-खाली करा, आडोशाची फट बदला, एका वेळी एकच बदल, आणि दर वेळी पाणी तेवढंच, तितकंच गार घ्या.