चर्चचे पंचांग

वसईच्या पश्चिमेकडील वाड्यांतून, केळीच्या आणि पानवेलींच्या बागांच्या कडेने पहाटे चालत जाणाऱ्या माणसास सहाच्या सुमारास एक घंटा ऐकू येते. आधी तीन ठोके, मग विराम. पुन्हा तीन, पुन्हा विराम. पुन्हा तीन, आणि अखेरीस सलग नऊ. हाच हिशेब दुपारी बारा वाजता आणि सायंकाळी दिवेलागणीस होतो, आणि जुनी माणसे ते ठोके कानी पडताच हातातली विळी बाजूस ठेवून, कपाळाकडे हात नेऊन, देवदूताने मारियेस दिलेल्या निरोपाची प्रार्थना पुटपुटतात. पोर्तुगीज अमदानीतील ह्या मुलुखाच्या कित्येक घंटा १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई सर केल्यावर घाटावर गेल्या. मेणवली, भीमाशंकर आणि नाशिकचे नारोशंकराचे मंदिर येथे त्या आजही वाजतात. तेथील भाविकांपैकी फार थोड्यांस हे ठाऊक असेल, आणि ठाऊक झाले तरी त्यांस त्याचे काही वावगे वाटेल असे नाही.

ह्या पट्ट्यातील ख्रिस्तमंदिरे जुनी आहेत. नंदाखालच्या पवित्र आत्म्याच्या चर्चची स्थापना १५७३ सालची मानतात, आणि आणखी काही धर्मग्रामेही त्याच शतकातली. परंतु इतिहासापेक्षा आपले कुतूहल जागे होते ते ह्या देवळांच्या वर्षामुळे. ते जानेवारीत सुरू होत नाही. ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी, म्हणजे शेतातले भात झोडून कणगीत पडत असते अशा वेळी, आगमनकाळाची पहिली मेणबत्ती लागते आणि फादरांच्या अंगावर जांभळा झगा येतो. तेथून चार रविवारांनी नाताळ. नाताळाविषयी आम्ही लिहीत नाही. त्याची रोषणाई लोकलच्या खिडकीतूनही दिसते.

खरी मौज आहे ती ईस्टरच्या तिथीत. नाताळ सूर्याच्या गणिताने ठरतो म्हणून तो २५ डिसेंबर सोडीत नाही. ईस्टर मात्र चंद्राकडे पाहतो. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, असा त्याचा नियम आहे, आणि म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल ह्यांच्या दरम्यान कोठेही पडू शकतो. ही पौर्णिमा बहुधा आपली चैत्री पौर्णिमाच असते. अर्थात हनुमानजयंतीचा नारळ फुटल्यावर दोन-चार दिवसांत वसईत पुनरुत्थानाचा सण यावा, हा योग वारंवार जुळतो. तिथी, अधिक मास आणि सूर्यसंक्रांती ह्यांचा मेळ घालता घालता ज्याची हयात गेली, अशा आपल्या पंचांगकर्त्यास रोमच्या ह्या हिशेबात परके असे काही वाटू नये.

ईस्टर सरकला की सर्व वर्षच सरकते. त्याच्या आधी ४६ दिवस राखेचा बुधवार. मधले सहा रविवार वजा केले म्हणजे उपवासाचे ४० दिवस उरतात. त्या बुधवारी कपाळास लावायची राख कोठून येते, हे पाहण्यासारखे आहे. गेल्या वर्षी ईस्टरच्या आदल्या, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित होऊन घरी गेलेली कोवळी झावळी, जिचा चिमुकला क्रूस विणून दाराच्या चौकटीवर किंवा तसबिरीमागे खोचलेला असतो, ती वर्षभरात पिवळी पडून वाळते, आणि राखेच्या बुधवाराच्या आधी पुन्हा चर्चमध्ये जमा होते. तिचीच राख करतात. घराघरांतून परत आलेल्या त्या वाळक्या, काहीशा धुरकटलेल्या पात्यांच्या ढिगाकडे पाहिले म्हणजे गावाच्या एका वर्षाची जमाबंदी पुढ्यात पडल्यासारखी वाटते.

उपवासकाळात सहसा लग्ने लागत नाहीत, आगमनकाळातही नाहीत. म्हणून नाताळानंतर राखेच्या बुधवारापर्यंत, आणि पुन्हा ईस्टरपासून पावसाच्या तोंडापर्यंत लग्नांची एकच गर्दी उडते. लग्नापूर्वी वधूवरांची नावे भर देवळात पुकारण्याची जुनी वहिवाट आहे, कोणास हरकत असल्यास त्याने ती कळवावी म्हणून. ह्या सर्व व्यवहाराचे मूळ दप्तर म्हणजे स्नानसंस्काराची वही. सोळाव्या शतकातील ट्रेंट येथील धर्मपरिषदेने अशा वह्या ठेवण्याचे फर्मान काढले. बाळाचे नाव, आईबापांची आणि धर्मपित्या-धर्ममातेची नावे, आणि कडेला कोरा समास. पुढे त्या बाळाचे लग्न कोठेही लागो, त्याची नोंद पंचवीस-तीस वर्षांनी फिरून त्याच समासात येऊन बसते. एखाद्या कुलकर्ण्यानेही हेवा करावा अशी ही व्यवस्था आहे.

उपवासकाळाच्या अखेरीस, ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारच्या मिस्सेत घंटा वाजते ती अखेरची. मग शनिवारच्या रात्रीपर्यंत मौन. ह्या दोन दिवसांत घंटेचे काम एका लाकडी खडखड्यावर भागवितात, आणि त्याचा तो कोरडा, ओबडधोबड आवाज ऐकल्यावर शनिवारी रात्री घंटा पुन्हा बोलू लागते तेव्हा तिची गोडी कळते. मिस्सा आता मराठीत होते. १९६२ ते १९६५ ह्या काळात भरलेल्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी ती लॅटिनमध्ये चाले, आणि बागाईतदार कुपारी समाजाच्या बायका ते न कळणारे मंत्र ऐकत हातातली जपमाळ ओढीत बसत.

मे महिन्यात देवळाचे कामकाज वाडीत येते. संध्याकाळी वाटेवरच्या क्रुसापाशी शेजारीपाजारी जमून माळेची प्रार्थना म्हणतात, आणि ती संपताच मुले ज्याची वाट पाहत असतात ते उकडलेले हरभरे ओंजळीत पडतात. ईस्टरपासून पन्नासाव्या दिवशी पेन्टेकॉस्ट, म्हणजे पवित्र आत्म्याचा दिवस, आणि म्हणून नंदाखालच्या चर्चचा नावाचा सण. तो १० मे ते १३ जून ह्यांच्या दरम्यान येतो, त्यामुळे एखाद्या वर्षी मंडपात धूळ तर एखाद्या वर्षी चिखल. तेथून फादरांचा झगा हिरवा होतो तो, मधले सणवार सोडता, थेट नोव्हेंबरपर्यंत. हा हिरवा रंग रोमने ठरविला तेव्हा वसईचा पाऊस कोणाच्या मनात असणे शक्य नव्हते. परंतु बाहेर खाचरांत लावणी चालली असता वेदीवरही तोच रंग दिसावा, ह्यात औचित्य आहे खरे.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा. नव्या भाताच्या लोंब्या आधी वेदीवर येतात, फादर त्यांस आशीर्वाद देतात, आणि मग त्या वाटल्या जाऊन घरोघर देव्हाऱ्यापाशी बांधल्या जातात. अलीकडे खाचरे विकली जाऊन त्यांवर इमारती उठल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्यासारख्या धर्मगुरूंनी 'हरित वसई'साठी रस्त्यावर येऊन आंदोलन केले. तरीही ज्यांच्या घरी आज लोंबी जाते त्यांतील पुष्कळांच्या पायाखाली शेताचा एक गुंठाही उरलेला नाही. मग २ नोव्हेंबर, मृतांचा दिवस: कबरी धुवून त्यांवर झेंडू आणि मेणबत्त्या ठेवतात.

वसईचे चर्च पाहावे असे कोणास वाटल्यास त्याने नाताळची वाट पाहू नये. आगेऱ्याच्या रविवारी पहाटेच्या गाडीने जावे. मागच्या बाकावर बसण्यास कोणी मज्जाव करीत नाही. मात्र मिस्सा आटोपली की लोंब्या फार वेळ शिल्लक राहत नाहीत.