गम म्हणजे नेमका कोणता डिंक?

मागच्या हिवाळ्यात ताई बाळंतपणाला यवतमाळला आली. आई म्हणाली, "लाडवाला धावड्याचा डिंक आण." मी शहाणा! मोबाईलवर 'गम' शोधलं, पहिला दिसला तो मागवला. आईने तुपात टाकला, तर ढिम्म. "काऊन फुलत नाही बाप्पा हा?" पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं, कतिरा.

तेव्हा शब्दाच्या मागे लागलो. इंग्रजीत गम हे दोन वेगळे शब्द आहेत. झाडाचा गम मूळचा इजिप्तचा. ग्रीक 'कोम्मी', लॅटिन 'गुम्मी', मग फ्रेंचमधून इंग्रजीत आला. हिरडीचा गम जुन्या इंग्रजीतल्या 'गोमा'वरून, म्हणजे टाळू. दोघांचं नातं नाही. हिंदी गाण्यातला गम तर अरबी, दुःखाचा. च्युइंगम मात्र पहिल्याच्या घरचा. तो आधी चिकूच्या झाडाच्या चिकापासून बनायचा.

मराठीने डिंक, चीक, हिरडी असे शब्द वेगळे ठेवलेत. पण नुसतं 'डिंक' म्हणूनही भागत नाही, झाड सांगावं लागतं. आपल्या जिल्ह्याच्या जंगलात धावडा आहेच. त्याचा डिंक तुपात फुलतो, कुरकुरीत होतो. कतिरा पाण्यात फुगतो, थंडाईत चालतो, लाडवात नाही. धावड्याच्या डिंकाला इंग्रजीत 'गम घट्टी' म्हणतात. घाटातून यायचा म्हणून घट्टी, असं सांगतात.

आमच्या कोडिंगमध्येही हेच: नाव सारखं, आत वस्तू भलतीच, की प्रोग्राम बसलाच.

दुसऱ्या दिवशी बाजारात गेलो. दुकानदाराला आधी झाड विचारलं, मग भाव. लाडू झाले. ताईने पहिला मलाच दिला.